धर्मशाळेचा कुटुंब निवारा करताना: खोल्या, कागद आणि मुलांची दुपार

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधल्या एका मराठी मंडळाकडे जुनी दुमजली धर्मशाळा आहे. खाली ३० बाय ४० फुटांचा हॉल, वर चार खोल्या, मागे अंगण. लग्नसराईत भाड्याने जाते, एरवी कुलूप. मंडळाच्या एका ताईंनी विचारलं आहे: इथं बेघर कुटुंबांसाठी निवारा सुरू केला तर किती कुटुंबं मावतील, नगर निगमाच्या रैन बसेऱ्यापेक्षा (रात्रीच्या निवाऱ्यापेक्षा) तो वेगळा कसा असावा, आणि आई-वडिलांबरोबर आलेली मुलं बाल कल्याण समिती काढून नेते का?

ताई, आधी धर्मशाळा हा शब्द डोक्यातून काढा. अहिल्याबाईंच्या शहरात धर्मशाळा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. धर्मशाळेत उतरणाऱ्याचं मागे घर असतं. तीन रात्री टेकायला जागा, पाणी आणि दिवा मिळाला की त्याचं भागतं. तुमच्याकडे येणाऱ्या कुटुंबाला परत जायला जागाच नसते, त्यामुळे 'तीन दिवसांत खोली सोडा' हा जुना हिशेब इथं लागू होत नाही. रैन बसेऱ्याचं नावच सांगतं की तो रात्रीपुरता. एकट्या मजुराला तो पुरतो. सकाळी पथारी गुंडाळून तो मजूर चौकात उभा राहतो. पण चार वर्षांची मुलगी आणि कडेवरचं बाळ घेऊन बाईनं सकाळी सातला कुठं जायचं? सरवटे बसस्थानकाच्या बाकावर, नाहीतर एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या आवारात. म्हणून कुटुंब निवारा नीट चालतोय का हे रात्री खाटा मोजून कळत नाही. दुपारी दोन वाजता जाऊन बघायचं: मुलं कुठं आहेत, कुणाजवळ आहेत, आणि आई कामावर जाऊ शकली आहे का. पुढचं सगळं या एका कसोटीवर ताडून बघा.

सरकारी चौकट माहीत असावी. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान २०१३ मध्ये सुरू झालं, त्यात शहरी बेघरांसाठी निवारा हा वेगळा घटक होता. त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, आणि पुरुष, स्त्रिया, कुटुंबं, वृद्ध-आजारी यांच्यासाठी वेगवेगळे निवारे अशी मांडणी आहे. निवारा बारा महिने आणि चोवीस तास उघडा असावा हेही त्यात आहे, फक्त ते वाचणारे कमी. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहराची लोकसंख्या १९ लाख ६४ हजार होती. त्या हिशेबानंच सुमारे २,००० जणांची सोय लागते. शहर तेव्हापासून किती पसरलंय ते तुम्ही बघताच.

निगमाशी बोलायला जाल तेव्हा '५० खाटा बसवा' असा आग्रह होईल, कारण अभियानात अनुदानाची आखणी ५० जणांच्या हिशेबानं होती. नाही म्हणा. तुमचा हॉल १,२०० चौरस फुटांचा, म्हणजे माणशी ५० नं भागलं तर २४ माणसं. चौघांचं एक कुटुंब धरलं तर सहा. कागदावरचा हा आकडा जमिनीवरही नेमका बसतो: हॉलच्या मधोमध ६ फुटांची वाट सोडा, दोन्ही बाजूंना १२ फूट खोल आणि १० फूट रुंद असे तीन-तीन कप्पे पाडा. ४० फुटांपैकी ३० फूट कप्प्यांत गेले. उरलेला १० बाय ३० चा तुकडा मुलांचा. तिथं सातवा कप्पा घालायचा मोह पहिल्याच महिन्यात होतो. घातलात की मुलं वाटेत खेळायला लागतात, रात्रपाळीहून आलेल्या माणसाची झोप मोडते, आणि आठवड्यात दोन कुटुंबांचं बोलणं बंद होतं.

कप्प्यांच्या भिंती सिमेंट बोर्डाच्या, ७ फूट उंच, छतापर्यंत न नेलेल्या, म्हणजे हवा खेळते आणि कुठं धूर निघाला तर लगेच कळतो. प्लायवूड स्वस्त पडतं पण त्याच्या सांध्यांत ढेकूण बसतात; एकदा बसले की सगळा हॉल रिकामा करून फवारणी करावी लागते. त्याच कारणासाठी लाकडी बाजा नकोत, लोखंडी खाटा घ्या. कप्प्याला पडदा नको, दार हवं. आतून कडी, पण ती बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी. प्रत्येक कप्प्यात एक पंखा, एक मंद दिवा आणि चार्जिंगचा एक स्वतंत्र प्लग. प्लग सामाईक ठेवला की भांडणं होतात, मोबाईल चोरीला जातात. कप्प्यात स्टोव्ह किंवा छोटा सिलिंडर अजिबात नाही. आल्या दिवशी तो पावती देऊन बाहेरच्या जाळीच्या कपाटात ठेवायचा. डिसेंबर-जानेवारीत कोळशाची शेगडी आत घ्यायची मागणी होते. बंद जागेतल्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेलं कुटुंब उठत नाही. शेगडीऐवजी माणशी दोन जाड रजया आणि खाली जाड सतरंजी द्या.

पाण्याचा हिशेब इंदूरच्या पद्धतीनं करा. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर. २४ माणसांचे ३,२४० झाले. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं, म्हणजे दोन दिवसांचा साठा हवा: साधारण साडेसहा हजार लिटर, आणि वरच्या खोल्या भरल्या की दहा हजारांची तयारी. जमिनीखालची टाकी मोठी आणि वरची लहान ठेवा, नाहीतर मोटर जळाल्यावर वरचं पाणी दोन तासांत संपतं. संडास-न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. अंगणात उन्हात कपडे वाळवायची आडोशाची दोरी हवी; पाळीचे कपडे अंधारात वाळवावे लागले की बायकांच्या तक्रारी वाढतात आणि त्या कुणाला सांगत नाहीत.

आता वरच्या चार खोल्या. त्या जास्त कुटुंबं घालायला वापरू नका. एक बाळंतीण किंवा नवव्या महिन्यातल्या बाईसाठी. एक मुलींना घेऊन आलेल्या एकट्या बापासाठी, कारण महिला निवारा त्याला घेत नाही आणि पुरुषांच्या निवाऱ्यात मुलींना ठेवता येत नाही. तसंच मोठ्या मुलाचं: महिलांच्या बऱ्याच निवाऱ्यांत मुलग्यांसाठी वयाची अट असते, आणि मुलगा बाहेर ठेवावा लागेल म्हणून आई रस्त्यावरच राहणं पत्करते. तुमच्या नियमावलीत हे एक वाक्य ठळक असू द्या की कोणत्याही वयाच्या मुलामुळे कुटुंब तोडलं जाणार नाही. तिसरी खोली कार्यालय आणि कागदपत्रांची. चौथीचं शेवटी सांगतो.

कुटुंबं येतात कुठून? इंदूरमध्ये ठळक चार वाटा. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडून बांधकामावर आलेली भिल-भिलाला कुटुंबं. बुऱ्हाणपूर-खांदेशाकडून रुग्ण घेऊन एमवायला आलेली आणि पैसे संपल्यावर अडकलेली. भाडं थकून किंवा वस्ती उठून रस्त्यावर आलेली इथलीच. आणि मारहाणीतून निसटलेल्या बायका. या शेवटच्या गटाला तुमच्या पाटी लावलेल्या इमारतीत ठेवू नका; नवरा दुसऱ्या दिवशी दारात असतो. १८१ या महिला हेल्पलाइनवरून वन स्टॉप सेंटरला जोडा. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, पोलीस आणि वकील एकाच जागी मिळतात, पुढं शक्ती सदन या सरकारी महिला निवासात सोय होऊ शकते. फक्त सोबतच्या मुलग्याचं वय आधी फोनवर सांगा.

बाहेर जाऊन कुटुंबांना बोलवायचं असेल तर गाडी नेऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये बेघर वृद्धांना गाडीत भरून शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ सोडल्याचा प्रकार देशभर गाजला होता, आणि १ जानेवारी २०२५ पासून इथं भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ लागला. फुटपाथवर राहणाऱ्याला निगमाची गाडी आणि मदतीची गाडी वेगळी दिसत नाही. रात्री नऊ ते अकरा, दोनच माणसं, त्यांतली एक बाई, तीन वेगवेगळ्या रात्री तीच दोघं. तिसऱ्या रात्री घरातल्या मोठ्या बाईला 'चला, जागा बघून या' म्हणा आणि तिला एकटीला आणून परत सोडा. तिनं संडास बघितला, दाराची कडी लावून बघितली, की कुटुंब येतं.

पहिली रात्र नीट पार पडली तर पुढचं अर्धं काम सोपं होतं. त्या रात्री विचारायच्या गोष्टी सहाच: नावं आणि वयं, कोण कुणाचं, शेवटचं कधी खाल्लं, कुणाला ताप, जुलाब, फिट, चालू औषध, कुणी गरोदर, कुणी मागावर आहे का. बस. आधार, जात, गाव का सोडलं, नवरा काय करतो, हे सगळं तिसऱ्या दिवशी. फोटो तर नाहीच. आधी गरम खिचडी, आंघोळीला कोमट पाणी, धुतलेले कपडे, मग झोप. लहान मुलांच्या गादीवर रेक्झिन घाला. सात-आठ वर्षांची मुलंसुद्धा पहिले काही आठवडे अंथरूण ओलं करतात. चादर गुपचूप बदलायची, सकाळी चारचौघांत विषय नाही.

एक गोष्ट हमखास दिसेल: मुलं उशीखाली पोळी लपवतात. सकाळी झाडताना वाळलेले तुकडे निघतात, मुंग्या लागतात, आणि सफाईवाली बाई ओरडते. पोळी काढून घेऊ नका. मुलांच्या कोपऱ्यात, त्यांच्या हाताला येईल अशा फळीवर, झाकणाचा एक डबा ठेवा, त्यात फुटाणे आणि गूळ, आणि तो दिवसभर उघडा. डबा रोज भरलेलाच असतो हे मुलांना पटायला दोन-तीन आठवडे लागतात. मग उशीखालच्या पोळ्या आपोआप बंद होतात. दोन दिवस डबा रिकामा राहिला की पुन्हा पहिल्यापासून.

यालाच जोडून: बिस्किटं, खाऊ, वाढदिवसाचा केक घेऊन येणारे सभासद तुमच्याकडे भरपूर असतील. मुलांना थेट वाटू देऊ नका. जे काही द्यायचं ते आईच्या किंवा बापाच्या हातात, आणि त्यांनी मुलांना. निवाऱ्यात आई-बापाचा शब्द सगळ्यात आधी पडतो, कारण मूल बघत असतं की इथं खायला कोण देतं, परवानगी कोण देतं, कुणाला कोण बोलतं. कर्मचाऱ्यानं मुलासमोर आईला झापलं की संध्याकाळी ते मूल आईचं ऐकत नाही. स्वयंपाकही म्हणूनच कुटुंबांना करू द्या: सहा कुटुंबांना चार शेगड्या, सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशा पाळ्या, शिधा साप्ताहिक मोजून. पहिले तीन दिवस तयार जेवण, त्यानंतर शिधा. कामावर असलेल्यांना दुपारी दीनदयाळ रसोईची ५ रुपयांची थाळी परवडते.

आता मुलं काढून नेण्याची भीती. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' या व्याख्येत घर नसलेलं आणि उपजीविकेचं साधन नसलेलं मूल येतं, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मधली तत्त्वं सांगतात की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आई-बाप सोबत आहेत, मूल खातंय, अंगणवाडीत किंवा शाळेत जातंय, अशी नोंद तुमच्या रजिस्टरात असेल तर समितीकडे मूल नेण्याचं कारणच उरत नाही. चौकशीला माणूस आला तर ही नोंद दाखवायची, घाबरून कुटुंबाला मागच्या दारानं बाहेर काढायचं नाही.

उलट बाजूही पक्की ठेवा. तुमचा निवारा कलम ४१ खाली नोंदलेली बालसंस्था नाही, त्यामुळे पालकाशिवाय मूल एक रात्रही तुमच्या भरवशावर ठेवता येत नाही. एकटं मूल आलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन, आणि २४ तासांच्या आत समितीसमोर. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. तिथं मंडळाच्या अध्यक्षांना विचारून ठरवू असं चालत नाही. खरी अडचण मधल्या परिस्थितीत येते: आई बाळंतपणाला एमवायला गेली, मागे पाच आणि सात वर्षांची दोघं. किंवा कुपोषित धाकट्याला पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवस ठेवायचंय आणि आईला त्याच्यासोबत राहायचंय, मग थोरलीला कोण बघणार? म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येक पालकाकडून एक साधा कागद भरून घ्या: मी नसताना मुलं कुणाजवळ. मावशी, आत्या, त्याच निवाऱ्यातली दुसरी आई, त्या बाईची सही, फोन. हा कागद नसला की आई केंद्रात जायला नकार देते, आणि धाकट्याचं वजन उतरत राहतं.

दुपारच्या प्रश्नाकडे येतो. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी: सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा पोषण आहार, तीन ते सहा वर्षांना तिथंच गरम जेवण आणि बालशिक्षण. कार्यकर्ती म्हणेल 'माझ्या सर्व्हेत हे कुटुंब नाही'. वाद घालू नका. राहण्याचं तुमच्या लेटरहेडवरचं पत्र आणि मुलांची यादी घेऊन थेट सेक्टर सुपरवायझरकडे जा. पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई संध्याकाळी सहाला येते. या चार-पाच तासांचं पाळणाघर तुम्हालाच चालवावं लागेल. १० बाय ३० च्या त्या तुकड्यात एका बाईकडे तीन वर्षांखालची पाचपेक्षा जास्त मुलं नकोत. मोठी असतील तर दहा. कायम दोन मोठी माणसं हजर. कितीही ओळखीचा स्वयंसेवक असला तरी एकट्यानं मुलाबरोबर बंद जागेत नाही, आणि हा नियम मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही. झोपाळ्यासाठी साडीची झोळी चालते, फक्त हूक छताच्या तुळईला असावा, सिमेंट बोर्डाला नाही.

६ ते १४ च्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये तीन सोयी आहेत. वयानुसार वर्गात प्रवेश (कलम ४), वयाचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही (कलम १४), आणि सत्र सुरू झाल्यावरही प्रवेश (कलम १५). पण प्रवेश मिळवण्याआधी जुनी शाळा टिकवता येते का ते बघा. घर गेल्यावर मुलाच्या आयुष्यात जुनं असं एकच ठिकाण उरलेलं असतं. चार-पाच किलोमीटरवर असेल तर रिक्षाभाड्याचा खर्च मंडळानं उचलावा. नव्या शाळेच्या कागदांत दोन महिने जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. शाळेत पत्ता देताना 'निवारा' लिहू नका, घरक्रमांक आणि मोहल्ला पुरेसा. झाबुआकडच्या मुलांना घरात भिली येते, वर्गात हिंदी. पहिले काही महिने ती गप्प बसतात म्हणून 'मंद' ठरवली जातात. भिली बोलणारी एक बाई आठवड्यातून तीन संध्याकाळी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

कागदांचं काम मध्य प्रदेशात समग्र आयडीपासून, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकापासून, सुरू होतं. कुटुंबाचा आठ अंकी, प्रत्येक सदस्याचा नऊ अंकी. रेशनची पात्रता, शाळेतली नोंद, शिष्यवृत्ती, बहुतेक योजना यालाच बांधलेल्या. तीन ठिकाणी गाडी अडते. कुटुंबाचं समग्र गावच्या पंचायतीत असतं आणि राहणं इंदुरात. ते वॉर्डात आणायला झोन ऑफिसच्या चकरा लागतात, तेव्हा एकच माणूस ठरवून त्याच कामाला लावा. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई त्याच्याच कुटुंब आयडीत अडकलेली असते. तिचा आणि मुलांचा वेगळा आयडी झाल्याशिवाय तिच्या नावावर काही येत नाही. आणि तिसरं, मोबाईल. आधारला जोडलेला नंबर रिचार्ज न केल्यानं बंद झाला की ओटीपी येत नाही आणि सगळी साखळी तुटते. आल्या आठवड्यात पहिलं काम: नंबर चालू ठेवायचा रिचार्ज, मग बाकी सगळं.

आधार नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाला आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देता येतं. पार्षदही (नगरसेवक) देऊ शकतात. ते तीन महिनेच चालतं, तेव्हा आधी केंद्रावरची वेळ घ्या, मग तारीख टाका. पाच वर्षांखालच्यांचं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय होतं. निवाऱ्यात असताना जन्मलेल्या बाळाची नोंद २१ दिवसांत करून घ्या. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पुढं सगळीकडे जन्मदाखलाच मागतात. रेशनकार्ड गावचं असलं तरी चालतं: 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे इंदूरच्या दुकानात आपल्या वाट्याचं उचलता येतं आणि गावी राहिलेल्या आजीचं तिथं. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो. गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घासलेले असतात, मशीन नाकारतं. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा लावून बघा.

आरोग्यात रोज लागणारं तेवढंच सांगतो. खरूज आली तर खाजवणाऱ्या एकट्यावर उपचार करून उपयोग नाही. पाच टक्के परमेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, आठ ते बारा तास, आणि सात दिवसांनी पुन्हा. त्या दिवशीच्या चादरी-कपडे गरम पाण्यात. धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला. तान्ह्यासाठी आणि गरोदर बाईसाठी आधी डॉक्टरांना विचारा. उवांसाठी एक टक्का परमेथ्रिनचं लोशन, नऊ-दहा दिवसांनी परत. सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचा दंड आल्या आठवड्यात पट्टीनं मोजा, ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती तीव्र कुपोषणाची खूण, लगेच पोषण पुनर्वसन केंद्र. लसीकरण कार्ड हरवलेलं असेल तर आईच्या आठवणीवर विसंबू नका, एएनएमला (सरकारी आरोग्यसेविकेला) बोलवा. गोवर-रुबेलाचे दोन डोस, नऊ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांतला, आधी तपासा.

दारू हा प्रश्न येणारच. प्यायलेल्या बापाला रात्री अकराला हाकललं तर बायको-मुलं त्याच्यामागं रस्त्यावर जातात. त्याला ओसरीवर वेगळी खाट द्या, कप्प्यात नाही, सकाळी बोलणं. हात उचलला तर मात्र तो बाहेर, कुटुंब आत, आणि ११२ ला, म्हणजे पोलिसांना, फोन. हा फरक पहिल्या दिवशीच दोघांना एकत्र बसवून सांगा.

निवाऱ्यातून बाहेर पडायची तयारी पहिल्या आठवड्यात सुरू होते, आणि ती पैशांची असते. उदाहरण म्हणून खोलीचं भाडं ३,५०० धरा. एक महिन्याची अनामत आणि एक महिना आगाऊ मिळून ७,००० रोख लागतात. दोघांपैकी एकाची रोजी बाजूला काढून दिवसाला १५० वाचले, आठवड्याचे सहा दिवस, तर ९०० झाले आणि आठ आठवड्यांत ७,२००. आजारपण, गावचं लग्न, बुडालेली रोजी धरली की बारा आठवडे. म्हणून मुक्काम ९० दिवसांचा ठरवा आणि दर १५ दिवसांनी हिशेब बघून वाढवा. ३० दिवस ठेवलेत तर कुटुंब परत फुटपाथवर जाईल आणि तुमच्या वहीत 'पुनर्वसन झालं' अशी नोंद राहील. बचत जनधन खात्यात, आईच्या नावानं. पैसे निवाऱ्याच्या कपाटात ठेवायचे नाहीत, कितीही आग्रह झाला तरी.

पैसे जमल्यावरही खोली मिळत नाही, कारण घरमालक 'कुठून आलात' विचारतो. तीन मुलं म्हटली की नाही, जात कळली की नाही. इथंच तुमच्या मंडळाचं खरं बळ आहे आणि निगमाकडे ते नाही. सुदामा नगरात, लोकमान्य नगरात, रामबागेत तुमच्या सभासदांच्या मागच्या अंगणात, गच्चीवर किती खोल्या रिकाम्या पडल्या आहेत ते मोजा. मंडळानं सहा महिने जामीन राहायचं, भाडेकरूची माहिती ठाण्यात स्वतः नेऊन द्यायची, आणि भाडं चुकलं तर पहिला फोन मंडळाला. दहा सभासद तयार झाले तर तुमचा निवारा कधी तुंबणार नाही. पंतप्रधान आवासचा अर्ज भरून ठेवा, पण कुटुंबाला त्यावर थांबवू नका.

खोलीत गेल्यावर सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी भेट. कुटुंब परत येतं ते बहुधा दुसऱ्या महिन्याच्या भाड्याला, कुणी आजारी पडून आठ-दहा रोज बुडाले म्हणून. त्या एका भाड्यासाठी मंडळात वेगळा छोटा निधी ठेवा. होळीआधी भगोरियाच्या आदिवासी जत्रेला पश्चिमेकडची कुटुंबं गावी जातात, पेरणीलाही जातात. त्याला पळून जाणं समजून कप्पा दुसऱ्याला देऊ नका, परतीची तारीख लिहून घ्या. ती टळून आठवडा झाला तर फोन, मग निर्णय.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. अभियानाच्या मूळ तत्त्वांत ५० जणांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख, म्हणजे महिन्याला ५०,००० धरले होते, आणि आठ-आठ तासांचे किमान तीन काळजीवाहक सांगितले होते. तीन पगार आणि वीजबिल यातच ते संपतात. पाळणाघराच्या दोन बाया, कागदांचं काम करणारा माणूस आणि शिधा हे मंडळाच्या खिशातून. रात्रपाळीला बाई हवीच, तिच्यासाठी वेगळी झोपायची जागा नाही केली तर ती तीन महिन्यांत सोडून जाते. कॅमेरा दारावर चालेल, हॉलमध्ये नाही.

सुरुवात पावसाळा सरल्यावर करा, तीन कुटुंबांनी. दिवाळीनंतर मजूर येऊ लागतात, थंडी वाढते, तोवर तुमच्या माणसांचा हात बसलेला असेल. आणि वरची चौथी खोली: ती कायम रिकामी, एक खाट, एक बादली, स्वतंत्र संडासाजवळची. गोवर निघालेलं मूल पुरळ उठल्यापासून चार दिवस, कांजिण्यांचं शेवटची खपली धरेपर्यंत, आईसकट तिथं. कार्यकारिणीत कुणीतरी नक्की म्हणेल की एवढी खोली पडून आहे, तिथं खुर्च्या ठेवू. खुर्च्या अंगणात ठेवा.